साहेबांची फरशी

मुलगा जाऊन दीड महिना झाला आणि साहेबांनी अन्न सोडलं.

साहेब म्हणजे कुणी माणूस नव्हे, सरडा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा लांब, वाळक्या मातीच्या रंगाचा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला. राग आला की ती दाढी काळी पडायची. दिवसभर दिव्याखाली डोळे अर्धे मिटून बसायचं, काम काडीचं नाही आणि ताट मात्र वेळेवर पुढ्यात हवं, म्हणून मुलाने त्याला साहेब नाव दिलं होतं. सून तर त्याला अहोजाहोच करायची. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासता घासता ती नवऱ्याला फोन करून विचारायची, "साहेब जेवले का?" आणि दुकानातल्या बायकांना वाटायचं, हिच्या घरी कुणीतरी बडी असामी उतरलीय.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. छत्तिसाव्या वर्षी, एका सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला खाली वाकला तो पुन्हा उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याआधी त्याला साधा खोकलासुद्धा नव्हता. सासूबाई चार वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. आता घरात सासरा, सून आणि साहेब एवढेच उरले.

सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत फरशा बसवल्या होत्या आणि त्यातच दोन्ही गुडघे घालवले होते. पाठीमागे त्यांचं नाव होतं 'ओळंबा'. वाकडं काही दिसलं की माणसाच्या तोंडून निघालंच पाहिजे. कुणाकडे जेवायला गेले तरी पहिला घास घेण्याआधी नजर खाली जायची आणि मग, "हा सांधा दोन सूत सुटलाय." बायको दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हाही त्यांनी डॉक्टरांना थांबवून सांगितलं होतं की या खोलीची फरशी दाराकडे उतरती आहे. जित्याची खोड, दुसरं काय.

मुलाने त्यांचा धंदा घेतला नाही. "तुमचे गुडघे बघितलेत मी, बाबा," एवढंच म्हणाला. पण खरं कारण वेगळं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. सोळाव्या वर्षी सुट्टीत तो वडिलांबरोबर कामाला गेला होता आणि त्याने बसवलेल्या पहिल्याच चार फरशा मिस्त्रींनी घरमालकासमोर उखडून टाकल्या होत्या. तो पुन्हा आला नाही, आणि यांनीही पुन्हा बोलावलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याने हा सरडा आणला. प्लायवूडची मोठी पेटी स्वतः ठोकली, पुढे सरकती काच बसवली आणि तळाशी चार बोटं वाळू पसरली. मिस्त्रींनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाले, "अरे, वाळू ही फरशीच्या खाली घालायची वस्तू. माझ्या घरात तू ती वर पसरतोस? त्याच्या घाणीचं काय करणार?"

"चमच्याने काढीन."

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. तुझी त्याच्या पेटीपर्यंत."

मुलगा हाताने वाळू सारखी करत राहिला. त्या दिवसापासून मिस्त्री त्या खोलीत पाऊल टाकेनासे झाले. अबोला असा नव्हता. मीठ द्या, दार लावा, एवढं चालायचं. पण बाप-लेकाचं बोलणं त्या उंबऱ्याशी अडलं ते अडलंच.

सरड्याने अन्न सोडलं तेव्हा सुनेने आधी वाट बघितली. मग मागचा एक पाय फरफटायला लागला, पोट टणक झालं. एका दुपारी ती बुटांच्या खोक्यात त्याला घेऊन दारात उभी राहिली. मिस्त्रींनी काही न विचारता चपला चढवल्या.

प्राण्यांच्या दवाखान्यात एक म्हातारा पोपट खोकत होता. दवाखान्यातल्या बाईंनी, म्हणजे डॉक्टरांनी, साहेबांचा एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला.

"हे सगळं पांढरं दिसतंय ना, ती वाळू आहे. आतडं गच्च झालंय. पेटीतला दिवा कधी बदलला होता?"

"दिवा चालू आहे की," सून म्हणाली.

"उजेड पडतो, पण त्यातलं उपयोगाचं असतं ते सहा-आठ महिन्यांत संपतं. मग हाडांना चुना मिळत नाही आणि हे प्राणी वाळू चाटायला लागतात. एरवीही खाताना थोडी जातेच पोटात."

"ते सगळं तो बघायचा."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि 'तो' कुठे आहे हे विचारलं नाही. आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की रोज कोमट पाण्यात बसवा, पोट हलक्या हाताने चोळा, पिचकारीने तेलाचे थेंब द्या. आठ दिवसांत मोकळं झालं तर ठीक, नाही तर कापावं लागेल, आणि त्यातून तो वाचेलच असं नाही. "आणि ती वाळू काढा. खाली असं काही घाला की जे तोंडात जाणार नाही, ज्यावर पाय घसरणार नाही, नखं अडकणार नाहीत आणि एका फडक्यात पुसलं जाईल. तोपर्यंत त्याला टबमध्ये कागदावर ठेवा."

घरी येऊन सुनेने कपड्यांच्या टबात वर्तमानपत्रं अंथरली, नवा दिवा लावला, साहेबांना आत ठेवलं. रजा टाकली. सकाळ-संध्याकाळ परातीत कोमट पाणी घेऊन ती त्याच्या पोटावरून अंगठा फिरवत बसायची. सगळं वेळच्या वेळी. फक्त पेटीला तिने हात लावला नाही. पेटीत वाळू होती तशीच.

चौथ्या दिवशी मिस्त्री त्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. साहेब टबाच्या गुळगुळीत भिंतींवर पंजे मारत होता. खरखर, खरखर, दिवसभर तेच.

"पेटी रिकामी करायला हवी," ते म्हणाले. "मी काढतो वाळू. तू बाजूला हो."

"नको."

"अगं, डॉक्टर काय म्हणाल्या—"

"तुम्हाला पहिल्या दिवसापासूनच ती काढायची होती, बाबा." ती परातीवरून मान वर न करता बोलली. "घ्या काढून. आता अडवायला कुणी नाही."

मिस्त्रींना कुणीतरी थापीच्या कडेने मारावं तसं झालं. त्यांनी तिच्यावरची नजर काढून पेटीकडे वळवली. मग त्यांना दिसलं. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या भांड्याशेजारी, वाळूत बोटांनी ओढलेल्या चार रेघा होत्या. रोज संध्याकाळी मुलगा हाताने वाळू सारखी करायचा. तो कोपरा गार, साहेब तिकडे कधी जात नसे. त्यामुळे शेवटच्या संध्याकाळचा हात तिथे तसाच राहिला होता. सून दीड महिना चमच्याने घाण काढत होती, पण त्या रेघांना वळसा घालून.

ते परत फिरले.

दुसऱ्या दिवशी ते फरशीच्या दुकानात गेले. दुकानदार जुना ओळखीचा. त्याने खुर्ची पुढे केली. "मिस्त्री, कुठलं काम काढलंत? किती जागा?"

"दीड हात बाय अडीच."

"न्हाणीघर?"

"सरडा."

दुकानदाराने हसायला तोंड उघडलं, मिस्त्रींचा चेहरा पाहिला आणि मिटलं. मिस्त्री खाली बसले. गुडघे कुरकुरले. आयुष्यभर त्यांनी फरशी हाताने जोखली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच ती पोटावर सरपटणाऱ्याच्या बाजूने जोखली. चकचकीत लादीवर नख ओढलं तर नख निसटलं. लंगडा पाय यावर पसरत जाणार. लाकडाच्या भुशाचं पोतं होतं, पण तो पुन्हा तोंडात जाणार. शेवटी त्यांनी तीन तुकडे पिशवीत घातले. एक रबरी चादरीचा, एक नकली गवताचा आणि एक पाटीच्या काळ्या दगडाचा. सून दुकानात आली नव्हती, पण निवड तिला विचारल्याशिवाय करायची नाही, एवढं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

घरी त्यांनी तिन्ही तुकडे टबाशेजारी ठेवले. "मला चाळीस वर्षांत कुणी असलं काम सांगितलं नाही," ते म्हणाले. "तूच बघ."

तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग उठली. चष्म्याच्या कामातलं भिंग डोळ्याला लावून तिने गवत पाहिलं. "याचे धागे सुटतात. बोटाला गुंडाळले तर बोट जाईल त्यांचं." रबरी चादर तिने दिव्याखाली धरली आणि थोड्या वेळाने नाकाशी नेली. "वास मारतेय. बंद पेटीत तर गुदमरतील." मग दगड उचलला. वर अगदी बारीक खडबड, नख टेकायला पुरेल एवढीच. दिव्याखाली तो हळूहळू तापला आणि ऊब धरून राहिला. तिने त्यावर पाणी सांडलं, फडक्याने पुसलं. डाग राहिला नाही.

"हा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण एक अखंड नको. उचलून धुता आला पाहिजे. सहा तुकडे करा. मला एका हाताने उचलता येतील असे."

मिस्त्रींनी मान हलवली. घरात दीड महिन्याने कुणीतरी कसलीतरी मापं बोललं होतं.

रविवारी दुपारी ती स्वतःच पेटीसमोर बसली. सुपलीने वाळू काढून बादलीत भरायला लागली. पुढची काढली, मधली काढली, तळाचा पातळ थर मात्र राखत. कोपऱ्याशी आली तेव्हा सुपली खाली ठेवली आणि म्हणाली, "तेवढं तुम्ही करा, बाबा." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला. काही धुवायचं नव्हतं. नुसतं पाणी वाजत होतं.

मिस्त्री वाकले. एका फटक्यात करायचं म्हणून त्यांनी सुपली उचलली, पण हात पुढे जाईना. शेवटी त्यांनी सुपली टाकली आणि बोटांनीच वाळू ओढली. रेघा मोडल्या. वाळू गार होती, बस. त्यापलीकडे काही नव्हतं. ते मूठ मूठ काढत गेले आणि बोटं एकदम कशाला तरी घासली.

खाली लाकूड नव्हतं. फरशी होती.

त्यांनी तळहाताने उरलेली वाळू बाजूला केली. पेटीभर फरशी. त्यांच्याच जुन्या कामांतले उरलेले तुकडे, माळ्यावर पडून राहिलेले, कुठे निळा, कुठे करडा, कुठे फुलाचा अर्धा. नऊ तुकडे हाताने तोडून बसवलेले. सांधे नागमोडी, एक कड वर आलेली. मिस्त्रींनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. डावा कोपरा पोकळ वाजला.

नळ बंद झाला होता. सून दारात उभी होती.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं.

"त्यानेच. वाळू नंतर आली. आधी फरशीच घातली होती त्याने, तीन रविवार खपून. मला म्हणाला, बाबांना दाखवतो. मग तुम्ही त्या दिवशी लवकर घरी आलात आणि त्याने घाईघाईने वाळूचं पोतं ओतलं." ती भिंतीला टेकली. "मी म्हटलं, दाखव की. तर म्हणाला, नको, ते पहिल्यांदा सांधाच बघतील."

"पण मी वाळूवरून एवढा बोललो. तेव्हा का नाही म्हणाला?"

"वाळूवरून बोललात ते त्याला परवडलं."

मिस्त्री पेटीसमोर बसून राहिले. साहेबांच्या पोटातला तो पांढरा गोळा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. ती वाळू या पेटीत कशाने आली हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. मुलाला सांगायला दोन वर्षं होती, आणि यांना विचारायलाही तेवढीच होती. दाराबाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता, शेजारी कुणीतरी भांडी लावत होतं. आपल्या हातून किती घरांच्या फरशा सरळ झाल्या हे त्यांना सहज सांगता आलं असतं. त्याने घातलेली मात्र ही एकच, आणि तीसुद्धा त्यांच्यापासून लपवलेली.

"हीच ठेवू," ते म्हणाले. "कशाला दगड? फरशी आहे की."

सून त्यांच्या शेजारी बसली. हात लांबवून तिने निळ्या तुकड्यावरून बोट ओढलं. "ही गुळगुळीत आहे, बाबा. त्यांचा पाय मागे सरकेल. सांध्यांत घाण बसेल. त्या वर आलेल्या कडेला पोट घासलं तर..." दोन दिवसांपूर्वी जे मिस्त्री तिला सांगत होते तेच आता ती त्यांना सांगत होती, आणि तिचंच बरोबर होतं.

"उखडायची नाही," मिस्त्री म्हणाले. "त्याच्या हातची मी एकदा उखडली आहे."

"मग?"

"वरून पातळ थर देतो. त्यावर दगड, सुटे. फरशीवर फरशी घालतात माणसं."

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी तगारीत सिमेंट कालवलं. गुडघ्यांखाली उशी घेतली. सुनेने विचारलं, "ती वर आलेली कड सारखी करायची का आधी?"

"नको. आहे तशी राहू दे."

मग त्यांनी थापी चालवली. उजवीकडून डावीकडे. निळा तुकडा गेला, फुलाचा अर्धा गेला, नागमोडी सांधे एकेक करून भरत गेले. असं काम त्यांनी हजारदा केलं होतं. या वेळी मात्र प्रत्येक ओढीला ते थांबत होते. शेवटचा पोकळ कोपरा झाकताना त्यांनी थापी ठेवली आणि चेहरा बाहीत लपवला. सून तगारी उचलून बाहेर घेऊन गेली. त्यांना एकटं सोडलं ते बरंच केलं.

थर वाळायला पाच दिवस दिले. तोवर मिस्त्रींनी गच्चीवर पाणी सोडत सोडत दुकानातून आणलेला मोठा दगड कापला, कडा घासल्या. सुनेने भिंगाची धार तपासतात तशी प्रत्येक कड अंगठ्याने तपासली आणि दोन तुकडे परत दिले. "टोचतंय." मिस्त्रींनी ते मुकाट्याने पुन्हा घासले.

थर अजून वाळत होता तेव्हाच, औषधाच्या सातव्या दिवशी, परातीतल्या पाण्यात साहेबांचं पोट मोकळं झालं. चिकट, करडा, वाळूचा ओला गोळा. सुनेला रडू फुटलं. मुलगा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. कापाकापी टळली. पण डॉक्टर म्हणाल्या, मागचा पाय आता असाच राहणार. नस दबून गेली आहे. थोडं आधी आणलं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. सुनेने ते मनात पुरं केलं आणि नंतर बरेच दिवस करत राहिली.

साहेब काळ्या दगडावर आला. पुढचे दोन पंजे रोवायचा, मागचा एक पाय धड रोवायचा आणि चौथा ओढत न्यायचा. दगडाने त्याला घसरू दिलं नाही. दिव्याखाली पोहोचायला त्याला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागायचा. दोघं बघत राहायचे. कुणी मदत करायचं नाही, असं न बोलताच ठरलं होतं.

दोन महिन्यांनी सुनेच्या थोरल्या बहिणीचं बोलावणं आलं. तिच्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात भिंगांचं काम होतं, राहायला खोली होती. सून आठ दिवस काही बोलली नाही. शेवटी मिस्त्रींनीच विषय काढला. "जा, पोरी. या घरात तुझ्या वयाचं काही उरलेलं नाही."

"आणि साहेब?"

"घेऊन जा. तुझाच आहे तो."

तिने पेटी उचलून पाहिली. जागची हलेना. नऊ लाद्या, सिमेंट, दगड. "एवढी जड पेटी कोण नेणार?" ती म्हणाली. नवी पेटी काही जगात मिळत नाही असं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं. "तिकडे दिवसभर बघायला कुणी नाही त्यांना. इथे तुम्ही आहात. आणि तुम्हाला..."

"मला काय?"

"काही नाही. रविवारी दगड धुवायचे. विसरू नका."

ती गेली. मिस्त्री तिला गाडीपर्यंत पोहोचवायला गेले, पिशव्या वर चढवल्या. गाडी सुटेपर्यंत दोघं हवापाण्याचंच बोलले.

आता रविवारी सकाळी ते बुटक्या स्टुलावर बसून साहेबांना टबात ठेवतात, सहाही दगड एकेक करून उचलतात, गरम पाण्यात थोडा व्हिनेगर घालून घासतात आणि उन्हात उभे करतात. अर्ध्या तासाचं काम. त्यांना दोन तास लागतात. दगड बाहेर वाळत असतात तेवढा वेळ पेटीत नुसता सिमेंटचा करडा थर उघडा असतो. त्याकडे ते फारसं बघत नाहीत.

पहिले काही रविवार सुनेचा फोन यायचा. मग एका रविवारी आला नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या रविवारी दगड परत बसवून झाल्यावर मिस्त्रींनी स्वतः फोन लावला. काय बोलायचं ते आधी ठरवलं होतं, पण तिचा आवाज ऐकल्यावर तेवढंच तोंडातून निघालं.

"साहेब जेवले आज. दोन अळ्या, थोडा पाला."

"हो का?" मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. तिने तिकडे 'आले' म्हटलं. "आणि तुम्ही जेवलात का, बाबा?"

"जेवलो," मिस्त्री म्हणाले. चूल सकाळपासून गार होती. "तू जा. तुला बोलावतायत."

फोन ठेवून ते पुन्हा स्टुलावर बसले. साहेब काळ्या दगडावरून दिव्याकडे निघाला होता, पाय ओढत. अजून अर्धी पेटी राहिली होती.